पाणपक्ष्यांची छबी

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच बंदर ओलांडून पूर्वेकडे येते आणि तासाभराच्या आत-बाहेर उरण तालुक्यातील मोरा बंदराला लागते. या मार्गावरील प्रवाशांची एक जुनी तक्रार आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला मोठी ओहोटी लागली, की धक्क्यापाशी साचलेल्या गाळामुळे लाँचला पुरेसे पाणी मिळत नाही आणि कधी कधी काही तास वाहतूक थांबवावी लागते. मग हातात पिशव्या घेतलेले प्रवासी भरतीची वाट पाहत बसून राहतात. परंतु ज्या गाळामुळे माणसांचा असा खोळंबा होतो, त्याच गाळावर त्या वेळी दुसऱ्या प्रवाशांची मोठी पंगत बसलेली असते.

हे प्रवासी म्हणजे पाणथळ जागी वावरणारे पक्षी होत. लांबच लांब तांबड्या पायांचा शेकाट्या, खाली वळलेल्या भल्या मोठ्या चोचीचा कर्ल्यू, क्षणभर धावून एकदम थबकणारा चिखल्या, सारखी शेपटी हलवीत काठाने फिरणारा तुतवार आणि चिमणीएवढा इवलासा टिलवा, असे नाना जातींचे पक्षी ओहोटीच्या वेळी खाडीकिनाऱ्याच्या चिखलात दिसतात. कुणाची चोच आखूड, तर कुणाची लांब. त्यामुळे कुणी वरवरचे किडे टिपतो, तर कुणी खोल बिळातला जीव ओढून काढतो. पंगत एकच असली, तरी प्रत्येकाचे पान निराळे असते.

यांपैकी पुष्कळसे पक्षी हिवाळी पाहुणे आहेत. पावसाळा सरत आला, की ते येऊ लागतात आणि उन्हाळा लागला, की उत्तरेकडे परततात. टिलव्याचेच उदाहरण घ्या. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ टुंड्रा प्रदेशात तो अंडी घालतो आणि थंडी पडू लागताच हजारो किलोमीटरांचे अंतर तोडून आपल्या किनाऱ्यावर येतो. त्याचे वजन किती? अवघे २५ ग्रॅमच्या आसपास! चिखलपक्ष्यांच्याच गोत्रातील गॉडविट नावाच्या एका पक्ष्याने तर २०२२ साली अलास्कापासून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटापर्यंतचे १३,५६० किलोमीटर अंतर ११ दिवसांत, वाटेत कोठेही न उतरता कापले. त्याच्या पाठीवर बसविलेल्या लहानशा यंत्रामुळे उपग्रहाच्या साहाय्याने ही गोष्ट माणसाला कळली. त्या वेळी तो पक्षी केवळ पाच महिन्यांचा होता.

असे पाहुणे आपल्या दारी आलेले पाहून त्यांची छबी टिपून ठेवावी, असे कोणालाही वाटेल. मलाही तसेच वाटले. हिवाळ्यातील एका सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून मी मोरा बंदराजवळच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी पुरती लागली होती. पक्षी दूरवर, पाण्याच्या कडेला चरत होते. त्यांच्याजवळ जावे, म्हणून मी चिखलात पाऊल टाकले. प्रथम घोटा बुडाला, मग पोटरी बुडाली. मी पन्नास पावले पुढे गेलो असेन-नसेन, तोच सारा थवा एकदम उडाला आणि आणखी दूर जाऊन बसला. असे तीन वेळा झाले. घरी येऊन ती छायाचित्रे मोठी करून पाहिली, तर त्यांत करड्या ठिपक्यांखेरीज काहीही नव्हते. ना पिसे, ना डोळे!

चिखलाने माखलेला मी किनाऱ्यावर परत आलो, तेव्हा तेथे एक वृद्ध कोळी आपले जाळे दुरुस्त करीत बसले होते. त्यांनी माझी सारी धडपड पाहिली होती. ते हसून म्हणाले, "गुरुजी, पाखरांच्या मागं कशाला धावता? पाणी भरू द्या. पाणीच पाखरांना तुमच्यापाशी घेऊन येईल."

त्यांच्या या एका वाक्यात पाणपक्ष्यांच्या छायाचित्रणाचे अर्धे शास्त्र सामावलेले आहे. ओहोटीच्या वेळी चिखलाचे मैदान फार विस्तीर्ण असते आणि पक्षी त्यावर दूरदूर पांगलेले असतात. भरती सुरू झाली, की पाण्याची कड हळूहळू किनाऱ्याकडे सरकू लागते. उघडा चिखल कमी होत जातो आणि त्याबरोबर पक्षीही किनाऱ्याच्या बाजूला सरकत येतात. आपण आधीच काठावर स्वस्थ बसून राहिलो, तर जे पक्षी सकाळी दोनशे मीटर दूर होते, तेच काही वेळाने पंधरा-वीस मीटरांवर येऊन चरू लागतात.

परंतु भरती केव्हा येणार, हे कसे ओळखावे? त्यासाठी कोकणात पूर्वीपासून एक सोपा हिशेब चालत आलेला आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. चतुर्थी असेल, तर चाराची पाऊणपट तीन. म्हणून पहाटे तीन आणि दुपारी तीन वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी असते. चंद्राच्या भ्रमणामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे जाते. तिथीला पाऊणपट करण्याचे कारण हेच. हा हिशेब ढोबळ आहे; नेमकी वेळ छापील तक्त्यात पाहावी. तथापि या हिशेबाने सोयीचा दिवस निवडता येतो. त्रयोदशीला पूर्ण भरती पावणेदहाच्या सुमारास येते. म्हणजे सकाळी सात ते नऊ या वेळात, कोवळ्या उन्हात, पाणी पक्ष्यांना किनाऱ्याकडे आणीत असते. छायाचित्रकाराला याहून चांगला मुहूर्त कोणता हवा?

एक इशारा मात्र येथेच द्यावयास हवा. खाडीचा चिखल वरून सपाट दिसला, तरी त्यात माणूस मांडीपर्यंत रुतू शकतो, आणि मोठ्या उधाणाच्या वेळी येथील पाण्याच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. म्हणून चिखलात कधीही उतरू नये, किनाऱ्यावर एकट्याने जाऊ नये. सोबत जाणते माणूस असावे.

पक्षी जवळ आले, तरी त्यांचे छायाचित्र रेखीव उतरेलच, असे नाही. छायाचित्र धूसर होण्याची कारणे मुख्यतः चार आहेत. ती समजली, की त्यांवरचे उपाय आपोआप सुचतात.

पहिले कारण तापलेली हवा हे होय. उन्हाळ्यात दुपारी डांबरी रस्त्यावरील हवा थरथरताना तुम्ही पाहिली असेल. ओल्या चिखलावरही ऊन वाढले, की गरम व थंड हवेचे थर एकमेकांत मिसळू लागतात आणि त्यांतून येणारे प्रकाशकिरण वेडेवाकडे वळतात. मग दूरच्या पक्ष्याची कड जणू पाण्यात विरघळल्यासारखी दिसते. हा दोष कितीही किमती भिंगाने जात नाही. उपाय दोनच : सकाळी लवकर जावे आणि पक्षी व आपण यांमधील अंतर कमी असावे. म्हणूनच 'पाणी भरू द्या' हा उपदेश मोलाचा.

दुसरे कारण आपला थरथरणारा हात. दूरचे दृश्य जवळ आणणारे भिंग, ज्याचे केंद्रांतर ४०० ते ६०० मिलिमीटर असते, ते पक्ष्याला मोठे करते; पण त्याचबरोबर हाताचा कंपही तितकाच मोठा करते. यासाठी कॅमेरा तिपाईवर ठेवावा. तिपाई नसेल, तर एखाद्या जाड कापडी पिशवीत तांदूळ भरून ती जमिनीवर किंवा दगडावर ठेवावी आणि तिच्यावर भिंग टेकवावे. ही घरगुती उशी भिंगाला चांगला आधार देते. कळ दाबताना श्वास क्षणभर रोखावा आणि बोट हलकेच दाबावे. झटका देऊ नये.

तिसरे कारण पक्ष्याची हालचाल. कॅमेऱ्यात प्रकाश आत सोडणारी एक झडप असते. ती जेवढा वेळ उघडी राहते, तेवढ्या वेळात पक्षी जितका सरकेल, तितके चित्र पुसट होते. येथे थोडे गणित करून पाहू. चिखलावर धावणारा पक्षी एका सेकंदात एक मीटर जातो असे समजा. झडप सेकंदाचा ५० वा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यात तो २ सेंटीमीटर सरकेल. त्याची चोच आणि डोळा दोन्ही पुसली जातील. तीच झडप सेकंदाचा १००० वा भाग उघडी राहिली, तर तो केवळ एक मिलिमीटर सरकेल आणि त्याचे पीस न् पीस दिसेल. उडणारा पक्षी सेकंदाला दहा मीटर जात असेल, तर त्याच्यासाठी सेकंदाचा २००० वा भाग, किंवा त्याहूनही कमी वेळ, निवडावा लागतो.

चौथे कारण केंद्र चुकणे. लांब केंद्रांतराच्या भिंगातून पंधरा मीटरांवरील पक्षी पाहिला, तर जेमतेम वीतभर जाडीचा पट्टाच स्पष्ट दिसतो. त्याच्या पुढचे आणि मागचे सारे धूसर असते. म्हणून भिंगाचे केंद्र नेमके पक्ष्याच्या डोळ्यावर साधावे. माणसाच्या चित्रात आपण प्रथम त्याचे डोळे पाहतो. पक्ष्याच्या बाबतीतही तसेच आहे. शेपटी थोडी पुसट असली, तरी चालते. पण डोळा पुसट असेल, तर सारे चित्र निर्जीव वाटते.

आता प्रकाशाविषयी. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून उगवतो. मोरा बंदराच्या किनाऱ्यावरून मुंबईच्या दिशेने, म्हणजे वायव्येकडे, तोंड करून बसले, की सकाळचा सूर्य आपल्या पाठीशी येतो आणि समोरच्या पक्ष्यावर पूर्ण प्रकाश पडतो. बगळ्यासारखा शुभ्र पक्षी असेल, तर आणखी एक दक्षता घ्यावी लागते. ओला चिखल काळसर असतो. कॅमेरा त्या काळसरपणाला भुलून प्रकाश जास्त घेतो आणि बगळ्याची पिसे चुन्याच्या भिंतीसारखी सपाट पांढरी होऊन जातात. त्यासाठी कॅमेऱ्याला थोडा कमी प्रकाश घेण्यास सांगावे. एकदा करपून गेलेली पांढरी पिसे मागाहून कोणत्याही उपायाने परत येत नाहीत.

आणि सर्वांत साधी, पण अनेकांना न सुचणारी गोष्ट अशी, की पक्ष्याच्या उंचीवर यावे. उभे राहून टिलव्याचे चित्र काढले, तर पक्ष्याच्या मागे चिखलच चिखल दिसतो. तेच काठावर पालथे पडून काढले, तर पक्ष्याच्या मागे दूरचे पाणी येते. ते धूसर होऊन जाते आणि त्यासमोर पक्षी एकटा, ठसठशीत उठून दिसतो. शिवाय उभा माणूस पक्ष्याला भीतिदायक वाटतो. जमिनीला चिकटून स्वस्थ पडलेल्या माणसाचे भय त्याला तितकेसे वाटत नाही.

ही युक्ती छायाचित्रकारांना फार पूर्वीच सुचली होती. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ साली पक्ष्याच्या घरट्याचे अंड्यांसह छायाचित्र घेतले. त्या काळी कॅमेरे अवजड असत आणि दूरचे दृश्य जवळ आणणारी आजच्यासारखी भिंगे नव्हती. पक्ष्यांना संशय येऊ नये, म्हणून या बंधूंनी बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल बनविला. त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन उभे राहावयाचे आणि भोकातून चित्र घ्यावयाचे! आपल्याकडे डॉ. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम गावी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे महिनोन्महिने निरीक्षण केले आणि नर-मादीच्या संसाराविषयी कोणालाच ठाऊक नसलेल्या गोष्टी शोधून काढल्या. त्यांचे एक स्नेही लोक वान थो हे उत्कृष्ट पक्षिछायाचित्रकार होते. युद्धामुळे १९४२ साली सिंगापूर सोडून भारतात आल्यावर त्यांची सालिम अलींशी मैत्री जुळली. या सर्वांची साधने निरनिराळी होती. पण भांडवल एकच होते, ते म्हणजे धीर.

धीर धरणाऱ्याला पक्ष्यांची भाषा कळू लागते. चिखल्या धावतो, थांबतो आणि मग टिपतो. म्हणून तो थांबण्याची वाट पाहावी. आंघोळ झाली, की पक्षी उंच होऊन पंख फडफडवितो. ते चित्र हवे असेल, तर आंघोळ सुरू होताच सज्ज व्हावे. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतात व उतरतात. म्हणून वारा कोठून वाहतो, ते आधी पाहून ठेवावे. याहूनही महत्त्वाच्या खुणा दुसऱ्या आहेत. चरणारा पक्षी चरणे थांबवून मान ताठ करील, सारखे डोके वर-खाली करील किंवा आपल्यापासून दूर चालू लागेल, तर समजावे, की आपण फार जवळ आलो आहोत. तेथेच थांबावे, शक्य तर हळूच मागे सरकावे. पक्षी पुन्हा चरू लागला, म्हणजे त्याने आपल्याला क्षमा केली!

काही लोक उडणाऱ्या थव्याचे चित्र मिळावे, म्हणून दगड मारून किंवा ओरडून पक्ष्यांना उडवितात. पहिल्या दिवशी मी दगड मारला नव्हता. पण तीन वेळा थवा उडविला होता. त्या वेळी मला फक्त माझा पराभव दिसला. पुढे विचार केला, तेव्हा लक्षात आले, की खरे नुकसान त्या पक्ष्यांचे झाले होते. ओहोटीचे मोजके तास हीच त्यांची जेवणाची वेळ. या जेवणातून अंगात साठविलेल्या चरबीच्या बळावर त्यांना पुन्हा हजारो किलोमीटर उडून जावयाचे असते. दर वेळी उडताना ती शिदोरी थोडी थोडी खर्च होते. पंचवीस ग्रॅमच्या जिवाला अशी उधळपट्टी परवडेल काय? अतिथीला पंगतीतून तीन वेळा उठविणाऱ्या यजमानाला आपण काय म्हणू?

भरती पूर्ण भरली, की चिखल नाहीसा होतो. मग हे पक्षी कोठे जातात? ते थव्याथव्याने उडून आतल्या बाजूच्या पाणथळ जागांवर उतरतात आणि ओहोटी लागेपर्यंत एका पायावर उभे राहून, चोच पिसांत खुपसून विसावा घेतात. उरण तालुक्यातील पाणजे येथील पाणथळ अशा विसाव्यासाठी प्रसिद्ध आहे. परंतु गेल्या काही दशकांत बंदर, रस्ते आणि वसाहती यांच्यासाठी या परिसरातील अनेक पाणथळ जागांवर भराव पडला. माणसाला बंदर हवे, रस्ताही हवा, हे खरे. पण चिखल शिल्लक राहिला आणि विसाव्याची जागा गेली, तर जेवण आहे पण ओसरी नाही, अशी या पाहुण्यांची अवस्था होईल. पलीकडे ठाण्याच्या खाडीत २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. पक्षी मात्र माणसाने आखलेल्या सीमा जाणत नाहीत. त्यांना भरतीच्या वेळी जेथे उथळ पाणी आणि शांतता मिळेल, तेच त्यांचे अभयारण्य.

येथे छायाचित्राचे खरे मोल कळते. 'या जागी काहीच नाही, नुसता चिखल आहे', असे कोणी म्हटले, तर त्याला एक स्पष्ट छायाचित्र पुरेसे उत्तर देते. पक्षी कोणता, तो कोठे आणि कोणत्या तारखेला दिसला, पिल्लू होता की प्रौढ, त्याच्या पायात पक्षिशास्त्रज्ञांनी घातलेले कडे आहे काय आणि त्यावर कोणता अंक आहे, हे सारे रेखीव चित्रातून वाचता येते. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी अनेक वर्षे अशी कडी घालून पक्ष्यांच्या प्रवासाचा अभ्यास करीत आली आहे. धूसर ठिपक्यातून असा पुरावा मिळत नाही.

मुलांनो, तुमच्यापैकी सर्वांजवळ कॅमेरा असेल, असे नाही. त्याने काही बिघडत नाही. एक वही आणि पेन्सिल घ्या. पंचांगात तिथी पाहा, तिची पाऊणपट करा, आणि जाणत्या माणसाबरोबर काठावर जाऊन स्वस्थ बसा. ज्याला पक्षी नीट पाहता येतो, त्यालाच पुढे त्याचे छायाचित्रही नीट घेता येते.

त्या पहिल्या फजितीनंतर काही दिवसांनी, त्रयोदशीच्या सकाळी, मी पुन्हा त्या किनाऱ्यावर गेलो. या वेळी चिखलात उतरलो नाही. तांदळाच्या पिशवीवर कॅमेरा टेकवून काठावर पालथा पडून राहिलो. पाणी चढू लागले. एक टिलवा टिपत टिपत पुढे आला, आणखी पुढे आला, आणि माझ्यापासून दहा-बारा पावलांवर थांबला. त्याच्या काळ्याभोर डोळ्यात उगवत्या सूर्याचा एक लहानसा ठिपका चमकत होता. मी श्वास रोखून कळ दाबली. त्याने एकदा मान वळवून पाहिले आणि पुन्हा आपले टिपणे सुरू केले. ते छायाचित्र आजही माझ्या भिंतीवर आहे. त्यातले पीस न् पीस मोजता येते. पण मला त्याचा अभिमान वाटतो तो एवढ्याचसाठी, की ते घेताना तो पक्षी उडाला नाही.